वाचकांचे प्रश्न : भरावाखाली गेलेली फोटोची जागा

प्रश्न : ब्रीच कँडीच्या कातळावरून २०१३ ते २०१७ दरम्यान काढलेले सूर्यास्ताचे बरेच फोटो माझ्याकडे आहेत. आता तिथे सागरी किनारा मार्गाचा भराव आहे. त्याच जागेवरून आजचा फोटो काढून जोडी लावायची आहे. अंदाजाने दोनदा प्रयत्न केला, पण जुळत नाही. (वाचक, ताडदेव)

उत्तर : अंदाजाने ते जुळणारच नाही, कारण सूर्यास्ताच्या चौकटीत समुद्राशिवाय धरायला काही नसतं. त्याच संध्याकाळी ट्रायपॉड न हलवता हाजीअलीकडे किंवा किनाऱ्याकडे वळून काढलेल्या फ्रेम शोधा. त्यात आजही उभ्या असलेल्या दोन वस्तू बघा, एक जवळची आणि एक दूरची, ज्यांच्या कडा एका रेषेत आल्या आहेत. उदाहरणार्थ, किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतीचा कोपरा आणि त्यामागचा दूरचा टॉवर. उपग्रह नकाशावर दूरच्या कडेपासून जवळच्या कडेतून रेष ओढून ती समुद्राच्या बाजूला वाढवा. दुसऱ्या दिशेला अशीच आणखी एक जोडी घ्या. दोन्ही रेषा छेदतात तिथे तुमचा कॅमेरा होता. तिसरी जोडी फक्त पडताळ्यासाठी.

इथे दोन गोष्टी चुकतात. रेषा एकमेकींना फार लहान कोनात छेदल्या, तर जागा कित्येक मीटरने घसरते, म्हणून छेद काटकोनाच्या जवळपास ठेवा. आणि जोडीतली जवळची वस्तू खरोखरच जवळ हवी. पूर्ण फ्रेमचा कॅमेरा, २४ मिमी लेन्स, ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो असेल आणि जवळची वस्तू १०० मीटरवर, दूरची दोन किलोमीटरवर असेल, तर तुम्ही एक मीटर बाजूला सरकलात की त्या दोघी एकमेकींपासून सुमारे ३८ पिक्सेल हलतात. हे डोळ्यांना दिसतं. जवळची वस्तूच एक किलोमीटरवर असेल, तर हाच फरक जेमतेम दोन पिक्सेल. फक्त हाजीअलीच्या भरवशावर जागा सापडत नाही ती यामुळे.

जागेची चूक झूमने भरून निघत नाही. लेन्स मूळ फाइलच्या नोंदीतल्या आकड्यावरच ठेवा. तेव्हाचा कॅमेरा १.५ क्रॉपचा, म्हणजे पूर्ण फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा असेल, तर त्याचे १८ मिमी म्हणजे पूर्ण फ्रेमवर २७.

उंचीचं उत्तर क्षितिजात आहे. कॅमेरा जेवढा उंच, तेवढ्याच उंचीवर क्षितिज जवळच्या वस्तूला कापतं. कातळावरून ते भिंतीला खालच्या बाजूला कापत होतं. भरावावरून ते वर सरकलेलं दिसेल. ट्रायपॉडचे पाय पूर्ण मिटूनही हा फरक पुरता जात नाही. तो राहू द्या, कारण किनारा किती उचलला गेला हे त्यातच दिसतं.

छेदबिंदू गाड्यांच्या मार्गिकेत आला, तर तिथे जायचं नाही. दोनपैकी एका रेषेवरून पदपथापर्यंत सरका. ती एक जोडी तरी जुळलेली राहते. किती मीटर सरकलात ते फोटोखाली लिहा, नाहीतर जोडी खोटी ठरते.

तारीखही पाळा. मुंबईत जून आणि डिसेंबरच्या सूर्यास्तबिंदूंत सुमारे ५० अंशांचं अंतर पडतं. १० फेब्रुवारीचा फोटो असेल, तर सूर्य त्याच जागी पुन्हा १ नोव्हेंबरच्या सुमारास येतो.

प्रश्न : मुंबईत असा कातळ आता कुठे उरला आहे, आणि केव्हा जावं? (वाचक, माहीम)

उत्तर : वांद्र्याच्या बँडस्टँडला जा, आणि लांबणीवर टाकू नका. वर्सोवा–वांद्रे सागरी सेतू होत असल्याने तिथलं क्षितिजही बदलतं आहे.

कातळ ओहोटीला उघडा पडतो, आणि तिची वेळ पंचांगावरून काढता येते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते : अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात मुंबईत त्या दिवशी भरती बाराच्या आसपास येते. म्हणजे उधाणाची ओहोटी सहाच्या सुमारास, ऐन सूर्यास्ताला. हिवाळ्यात संध्याकाळची ओहोटी जास्त खोल जाते, मे ते जुलैत पहाटेची. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, मात्र खडक पुरेसा उघडा पडत नाही. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता बघाच.

ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि पाणी वळलं की परत फिरा. सहा तासांत चार मीटर चढणारं पाणी पहिल्या तासात जेमतेम एक फूट चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र ताशी एक मीटर. लोक फसतात ते पहिल्या तासाच्या संथपणाला. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नका. ट्रायपॉड कातळावरच रोवा. वाळूत लाटेगणिक पाय खचतो आणि लांब एक्स्पोजर हलतं. एफ ११ ला १/१५ सेकंद येत असेल, तर दहा स्टॉपच्या एनडी फिल्टरने (प्रकाश दहा वेळा निम्मा करणारी गडद काच) साधारण ६८ सेकंद लागतात. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने सांधे धरतात.

प्रश्न : कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं होतं. जुन्या फोटोंची वेळ कशी ठरवू? (वाचक, दादर)

उत्तर : सूर्याची वरची कड क्षितिजाला टेकलेली फ्रेम शोधा आणि त्या दिवसाच्या सूर्यास्ताच्या वेळेशी ताडा. जो फरक येईल तो त्या दिवशीच्या सगळ्या फ्रेमना लावा. आकाश धुरकट असेल, तर सूर्य क्षितिजाच्या वरच धुक्यात विरतो. तशी फ्रेम यासाठी घेऊ नका. दुरुस्ती प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.