तोरिनोत पहिल्यांदा जाताय? मग एवढंच करा

इटलीतल्या तोरिनोत (इंग्रजीत ट्युरिन) तीन दिवस, आणि हातात सोळा कॅफे-रेस्टॉरंटांची यादी! अहो, कॉफी प्यायला चाललाय की हजेरी लावायला? पहिल्या खेपेला तीन पुरेत.

१. अल बिचेरीन. १७६३ पासूनचं कॅफे, कोन्सोलाता चर्चसमोर, अगदी चिमुकलं. इथे 'बिचेरीन'च मागवा : खाली गरम चॉकलेट आणि कॉफी, वर गार साय. चमचा घालून ढवळू नका! हीच नवख्यांची पहिली चूक. गारव्यातून गरम घोट आला पाहिजे, नाहीतर सगळी मजा गेली.

२. पियाझ्झा कास्तेल्लो या चौकाजवळचं मुलास्सानो कॅफे. त्रामेझ्झिनो, म्हणजे कडा कापलेलं मऊ सँडविच, १९२६ मध्ये इथेच सुरू झालं असं ते अभिमानाने सांगतात.

३. देल काम्बियो. १७५७ चं रेस्टॉरंट, आरसे आणि लाल मखमल. इटलीचे पहिले पंतप्रधान काव्हूर समोरच्या तेव्हाच्या संसदेतून इथे जेवायला येत. खिसा चांगलाच हलका होतो, म्हणून एकच जेवण, तेही आधी टेबल राखून. चप्पल-बर्म्युडा नको.

बिल बघून दचकू नका. बऱ्याच ठिकाणी काउंटरवर उभ्याने कॉफी स्वस्त, बसलात की महाग. रेस्टॉरंटात 'कोपेर्तो' म्हणून माणशी वेगळी रक्कम लागते, ती फसवणूक नव्हे.

शाकाहारी असाल तर अन्योलोत्ती, म्हणजे सारण भरलेला पास्ता, मागवण्याआधी विचारा. आत बहुधा मांसच असतं.

व्हर्मूथचं, म्हणजे इथल्या मसाले-वनस्पती घातलेल्या वाइनचं, पुढच्या खेपेला बोलू.