ब्रिज केला आणि सर्व्हर गायब: आभासी इंटरफेसची प्रश्नोत्तरे

(उत्तरं लिनक्समधल्या ‘आयपी’ कमांडला धरून आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपी वापरावी. बदल करणाऱ्या प्रत्येक कमांडला रूट (प्रशासक) अधिकार लागतात.)

प्रश्न: दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरवरून लॉगिन) जाऊन ‘बीआर०’ ब्रिज (इंटरफेस एकत्र जोडणारा आभासी स्विच) तयार केला, त्यात ‘ईटीएच०’ (सर्व्हरचं नेटवर्क कार्ड) घातला आणि त्याच क्षणी कनेक्शन तुटलं. काय चुकलं?

इंटरफेस ब्रिजचा पोर्ट झाला की त्यावर येणारी फ्रेम (डेटाचा तुकडा) कर्नल (लिनक्सचा गाभा) थेट ब्रिजच्या हवाली करतो. ईटीएच०वरचा आयपी पत्ता यादीत दिसत राहतो, पण कामाचा उरत नाही. पत्ता आणि डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा नेहमीचा मार्ग) दोन्ही ब्रिजवर न्यावे लागतात. एकेक ओळ टाइप करत बसलात तर ‘मास्टर’ची ओळ चालल्यावर पुढची ओळ सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. म्हणून सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहून एकदम चालवा:

आयपी लिंक ॲड नेम बीआर० टाइप ब्रिज
आयपी लिंक सेट बीआर० अप
आयपी लिंक सेट ईटीएच० मास्टर बीआर०
आयपी ॲड्रेस फ्लश डेव्ह ईटीएच०
आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.१.२०/२४ डेव्ह बीआर०
आयपी रूट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१

पत्ता फ्लश झाला की त्याच्या आधारावरचे रूटही जातात, म्हणून शेवटची ओळ गाळू नका. आणि हे चालवण्यापूर्वी ‘शटडाउन -आर +५’ देऊन ठेवा. सगळं सुरळीत झालं तर ‘शटडाउन -सी’ने रीबूट रद्द करायचं. बिघडलं तर पाच मिनिटांनी मशीन जुन्या सेटिंगसह उठतं, कारण ‘आयपी’ने केलेले बदल फक्त चालू कर्नलमध्ये असतात. डेटासेंटरला फोन करण्यापेक्षा हे बरं.

आणखी एक छुपी अडचण मॅक पत्त्याची (इंटरफेसचा हार्डवेअर पातळीवरचा पत्ता). वेगळा ठरवून दिला नसेल तर ब्रिज आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान मॅक घेतो. उद्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनचा लहान मॅकवाला पोर्ट जोडला की ब्रिजचा मॅक बदलतो, आणि डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सेवा) वेगळाच आयपी मिळू शकतो. ‘आयपी लिंक सेट बीआर० ॲड्रेस’ पुढे ईटीएच०चाच मॅक देऊन तो पक्का करा. ब्रिजवर एसटीपी (नेटवर्कमधली वेटोळी टाळणारी व्यवस्था) चालू असेल तर नवा पोर्ट मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद वाहतूक पुढे सोडत नाही. तेवढा वेळ थांबून मगच बिघाड शोधा.

प्रश्न: रीबूटनंतर ब्रिज नाहीसा होतो. कमांड सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकू का?

नको. मशीनवर नेटवर्क जो सांभाळतो त्यालाच सांगा. नेटवर्कमॅनेजर असेल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप ब्रिज इफनेम बीआर०’. सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर ‘/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क’ फोल्डरमध्ये ब्रिज निर्माण करणारी ‘.नेटडेव्ह’ फाइल, आणि पत्ता व पोर्ट सांगणाऱ्या ‘.नेटवर्क’ फाइली. स्क्रिप्ट आणि मॅनेजर दोन्ही ठेवलेत तर मॅनेजर ईटीएच०वर पुन्हा पत्ता चढवतो आणि तुम्ही दिवसभर भूत शोधत बसता.

प्रश्न: व्हीईथ जोडी (आभासी केबलची दोन टोकं) करून दोन्ही टोकांना पत्ते दिले, एक टोक ‘लॅब’ नेमस्पेसमध्ये (नेटवर्कचा वेगळा कप्पा) हलवलं. आता त्याचा पत्ता गायब आणि पिंगही नाही.

नेमस्पेस बदलताना इंटरफेस डाउन होतो आणि त्याचे आयपी पत्ते पुसले जातात. म्हणून आधी हलवा, मग पत्ता द्या:

आयपी लिंक ॲड व्हीईथ० टाइप व्हीईथ पीअर नेम व्हीईथ१
आयपी लिंक सेट व्हीईथ१ नेटएनएस लॅब
आयपी -एन लॅब ॲड्रेस ॲड १०.९.०.२/२४ डेव्ह व्हीईथ१
आयपी -एन लॅब लिंक सेट व्हीईथ१ अप
आयपी -एन लॅब लिंक सेट लो अप

त्यानंतर व्हीईथ०ला १०.९.०.१/२४ देऊन तोही अप करा. एकच टोक अप असेल तर त्याच्यापुढे ‘नो-कॅरिअर’ आणि ‘लोअरलेयरडाउन’ दिसतं. बिघाड त्यात नसतो, पलीकडच्या टोकात असतो. ‘लो’ची (मशीनचा स्वतःशी बोलायचा लूपबॅक इंटरफेस) ओळ बहुतेक जण विसरतात. नव्या नेमस्पेसमध्ये तो डाउनच असतो, त्यामुळे आतून स्वतःचाच पत्तासुद्धा पिंग होत नाही. नावापुढे ‘@इफ७’ दिसलं तर जोडीदाराचा क्रमांक ७ आहे, तो दुसऱ्या नेमस्पेसच्या यादीत शोधा. कोणतंही एक टोक डिलीट केलं की जोडी संपते.

प्रश्न: डमी इंटरफेस (कशालाच न जोडलेला आभासी इंटरफेस) अप केला तरी स्टेट ‘अननोन’ दाखवतो.

दाखवू दे. त्याला केबलच नाही, तर लिंकची खबर कोण देणार? कंसात ‘अप’ दिसतंय ना, तेवढं पुरे.

प्रश्न: लॅपटॉपचा वायफाय ब्रिजमध्ये घालताना ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ येतं. मॅकव्हीलॅनने (एकाच कार्डावर वेगळ्या मॅकचे आभासी इंटरफेस) जमेल का?

वायफायवर तेही सहसा जमत नाही. ॲक्सेस पॉइंट फक्त जोडणी केलेल्या मॅकच्याच फ्रेम स्वीकारतो, त्यामागचे इतर मॅक त्याला मान्य नसतात. वायफाय बाहेर ठेवा, ब्रिजला स्वतंत्र सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) द्या, आयपी फॉरवर्डिंग चालू करा आणि वायफायवर मास्करेड (आतल्या पत्त्यांऐवजी वायफायचा पत्ता लावणं) लावा.

तारेच्या इंटरफेसवर मॅकव्हीलॅन उत्तम चालतो. मात्र होस्टवरून (मूळ मशीन) मॅकव्हीलॅन दिलेल्या कंटेनरला (वेगळ्या नेमस्पेसमध्ये चालणारा प्रोग्राम) पिंग जात नाही म्हणून लोक हैराण होतात. होस्टची फ्रेम सरळ तारेवर जाते आणि साधा स्विच ती आल्या पोर्टवर परत पाठवत नाही. होस्टवरही त्याच ईटीएच०वर ‘मोड ब्रिज’चा एक मॅकव्हीलॅन बनवा आणि कंटेनरचा रूट त्यातून घ्या.

प्रश्न: दोन सर्व्हरमध्ये व्हीएक्सलॅन (आयपी नेटवर्कवरून नेलेलं आभासी इथरनेट) आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये पिंग चालतो, एसएसएचही लागतं, पण मोठी फाइल कॉपी करताना अडकतं.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटमागे ५० बाइट खातो: बाहेरचा आयपी २०, यूडीपी ८, व्हीएक्सलॅन ८ आणि आतला इथरनेट १४. खालची तार १५०० ची असेल तर आत १४५० उरतात. बाहेर आयपीव्ही६ असेल तर १४३०. इंटरफेस बनवताना ‘डेव्ह ईटीएच०’ दिलं असेल तर कर्नल हा हिशेब स्वतः करतो, नाहीतर १५०० तसेच राहतात. पण व्हर्च्युअल मशीनच्या आतला इंटरफेस १५०० वरच असतो, आणि मधला ब्रिज दुसऱ्या थरावरचा (फक्त मॅक पाहणारा) असल्याने ‘पॅकेट मोठं आहे’ असा निरोप न देता गुपचूप टाकून देतो. म्हणून छोटा पिंग जातो आणि फाइल अडकते.

तपासायला आतून ‘पिंग -एम डू -एस १४२२’ द्या, ‘एम’ कॅपिटल (१४२२ अधिक २८ हेडर म्हणजे १४५०). तो गेला आणि १४२३ अडला, तर मशीनच्या आत ‘आयपी लिंक सेट ईटीएच० एमटीयू १४५०’ करा.

पिंगसुद्धा जात नसेल तर यूडीपी पोर्ट पाहा. अधिकृत पोर्ट ४७८९ आहे, पण ‘डीएसटीपोर्ट’ न दिल्यास लिनक्स ८४७२ वापरतो. दोन्ही टोकांना ‘डीएसटीपोर्ट ४७८९’ लिहा आणि फायरवॉलमध्ये तो यूडीपीसाठी उघडा. ‘आयपी -डी लिंक शो’ने दोन्हीकडचे आकडे पडताळता येतात.