राजीनामा नव्हे, स्वेच्छानिवृत्ती

सर, थकवा आणि आजारपणाने जीव मेटाकुटीस आला असला, तरी वैतागाच्या भरात राजीनामा लिहू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार राजीनाम्याने आधीची सेवा बाद होते, तर २० वर्षांची अर्हताकारी (म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन घेतलेल्या स्वेच्छानिवृत्तीत ती निवृत्तिवेतनासाठी धरली जाते. आपली नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे, म्हणजे जुनी निवृत्तिवेतन योजना आपल्याला लागू आहे, ही जमेची बाजू. मी मात्र सेवापुस्तकातील विनावेतन रजेच्या नोंदी (अशी रजा सेवेत नेहमीच धरली जात नाही) अर्जाआधी तपासल्या नव्हत्या, आणि त्याचा मनस्ताप वर्षभर सोसला. शिल्लक अर्धपगारी रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित करून, म्हणजे पूर्णपगारी रजेत बदलून, आधी महिनाभर विश्रांती घ्या. वर्गापासून दूर राहूनही मन नोकरी सोडायलाच सांगत असेल, तर नोटीस द्या.