जुने चित्रपट, जुना काळ : माझी आवड आणि सुरुवात कुठून करावी

प्रश्न असा होता : अभिजात आणि ऐतिहासिक चित्रपटांपैकी तुम्हाला कोणते आवडतात, ते का आवडतात, आणि हे चित्रपट संथ वाटतात, नुसते भरजरी वाटतात त्याचं काय करायचं? शेवटी एक उपप्रश्नही होता, इतिहासातल्या चुका किती चालवून घ्यायच्या?

आधी एक घोळ निस्तरू. ‘कॅसाब्लांका’ आज आपण ‘जुन्या काळातला’ म्हणून बघतो, पण १९४२ साली तो ताज्या बातमीसारखा होता. युद्ध चालू होतं, आणि पडद्यावर निर्वासित झालेल्यांपैकी कित्येक जण खरोखरच युरोपातून पळून आलेले होते. जुगाराच्या टेबलावर चक्र फिरवणारा मार्सेल दालियो त्यातलाच एक. म्हणजे तो काळाचा चित्रपट झाला तो आपोआप, वयामुळे. याउलट ‘सिंगिंग इन द रेन’ १९५२ चा, पण कथा १९२७ ची, मूकपट जाऊन बोलपट येतानाची. तो जुना चित्रपटही आहे आणि जुन्या काळावरचाही. अशा चित्रपटात दोन काळ एकाच वेळी दिसतात : जो दाखवलाय तो, आणि ज्यात बसून दाखवलाय तो. दुसरा लपवता येत नाही. १९६३ च्या ‘क्लिओपात्रा’त एलिझाबेथ टेलरचे डोळे कसे रंगवलेत ते बघा, इजिप्तपेक्षा साठचं दशक जास्त दिसतं.

माझी कसोटी साधी आहे. पडद्यावरच्या माणसांना आपण इतिहासात राहतोय हे माहीत नसावं. त्यांच्यासाठी ती बग्गी म्हणजे नुसती गाडी आणि तो अंगरखा म्हणजे आजचा कपडा. ज्या चित्रपटात पात्रं आपल्या काळाकडे पर्यटकासारखी बघतात, प्रत्येक झुंबराखाली थांबतात, तिथे माझं लक्ष उडतं.

या कसोटीवर सगळ्यात वर ल्युचिनो व्हिस्कोंतीचा ‘द लेपर्ड’ (१९६३). सिसिली, १८६०. इटली एक करायला निघालेल्या गारिबाल्डीचे लाल शर्टवाले सैनिक बेटावर उतरलेत आणि एका सरंजामी घराण्याचा काळ संपत आलाय. व्हिस्कोंती स्वतः उमराव घराण्यातला, त्यामुळे या माणसांकडे तो बाहेरून बघत नाही. एक प्रसंग सांगतो. घराणं लांबचा प्रवास करून आपल्या गावच्या वाड्यावर येतं आणि थेट चर्चमध्ये जाऊन मानाच्या जागी बसतं. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो. सगळ्यांच्या अंगावर, केसांवर, भुवयांवर वाटेतली धूळ बसलीय. जिवंत माणसं पुतळ्यांसारखी दिसतात. कुणी काही बोलत नाही, पण या लोकांचं काय होणार ते तिथेच कळतं.

मग शेवटचा तो प्रसिद्ध नाचाचा समारंभ, जवळजवळ पाऊण तासाचा. इथेच बहुतेक जण कंटाळतात. पण घराण्याचा प्रमुख झालेल्या बर्ट लँकेस्टरकडे लक्ष ठेवून बघा. तो थकलाय, घामाघूम झालाय, एका दालनातून दुसऱ्या दालनात नुसता फिरतोय. एका खोलीत डोकावतो तर तिथे पाहुण्यांची लघवीची भांडी ओळीने भरून ठेवलेली. एवढी रेशमी माणसं रात्रभर नाचणार म्हणजे हे आलंच! वैभव दाखवणारे दिग्दर्शक पुष्कळ, ही खोली दाखवणारा विरळा. पाऊण तास लागतो कारण त्या माणसाला आपलं म्हातारपण आणि आपल्या वर्गाचं मरण एकाच रात्रीत उमजायचंय, आणि ते भाषण देऊन होत नाही.

संथपणाबद्दल बोलायचं तर स्टॅन्ली कुब्रिकचा ‘बॅरी लिंडन’ (१९७५) घ्यायलाच हवा, कारण तक्रारी सर्वांत जास्त त्याच्याबद्दल असतात. त्यातले रात्रीचे काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केलेत. त्यासाठी झाइस कंपनीने नासाकरता बनवलेली एफ/०.७ ची, म्हणजे खूपच जास्त उजेड आत घेणारी भिंग वापरली होती. ही माहिती सगळेच देतात आणि तिथे थांबतात. पुढची गोष्ट जास्त मजेची आहे. एवढं उघडं भिंग असलं की फोकसची खोली अगदी थोडी उरते. नट जरा पुढे झुकला की चेहरा धूसर. त्यामुळे नटांना जवळपास न हलता बसावं लागलं. आणि अठराव्या शतकातल्या त्या उच्चभ्रू समाजाचं व्यंग नेमकं तेच होतं : मान ताठ, भावना झाकलेल्या, हालचाल मोजूनमापून. तंत्राची अडचण आणि समाजाचा स्वभाव असे एकमेकांत बसलेले मी दुसरीकडे फारसे पाहिलेले नाहीत.

शिवाय त्यातला निवेदक पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकतो. नायकाचा सर्वनाश होणार हे आपल्याला बऱ्याच आधी माहीत असतं. तरीही शेवटाकडचं ते कोठारातलं पिस्तुलांचं द्वंद्व बघताना श्वास अडकतो. नियम शांतपणे वाचले जातात, छपराखाली कबुतरं फडफडतात आणि सावत्र मुलगा भीतीने ओकतो. हे संथ आहे खरं, पण सैल नाही. या दोन्हींत फरक करायला शिकलात की अर्धी तक्रार मिटेल.

सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मला त्यांच्या इतर काही चित्रपटांइतका परिपूर्ण वाटत नाही, पण मी तो पुन्हा पुन्हा बघतो. लखनौ, १८५६. कंपनी सरकार अवध गिळायला निघालंय आणि दोन जहागीरदार बुद्धिबळाच्या पटावरून उठायला तयार नाहीत. प्रेमचंदांच्या मूळ कथेत दोघं शेवटी एकमेकांना मारतात. राय यांनी त्यांना जिवंत ठेवलं. इंग्रज फौज गावावरून निघून जाते आणि हे दोघे पुन्हा डाव मांडतात, या वेळी इंग्रजी पद्धतीने. मला तर हा शेवट जास्त जिव्हारी लागतो, कारण मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही. अमजद खानचा वाजिद अली शाह, म्हणजे अवधचा नवाब, ही तर वेगळीच चीज. गब्बर डोक्यात ठेवून बसलेल्या प्रेक्षकाला तो पाच मिनिटांत गब्बर विसरायला लावतो. रिचर्ड अॅटनबरोचा औट्रम, म्हणजे कंपनीचा लखनौतला रेसिडेंट, आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला या राजाच्या कविता नि नाचगाण्याबद्दल खोदून खोदून विचारतो तो प्रसंग तर अख्ख्या साम्राज्याचं मानसशास्त्र आहे. न कळणाऱ्या माणसाला नालायक ठरवलं की राज्य घ्यायला सोपं जातं.

राय यांचाच ‘चारुलता’ (१९६४) त्याहून वरचा. त्याबद्दल लिहीत बसत नाही. सुरुवातीची काही मिनिटं बघा, माधवी मुखर्जी खिडक्याखिडक्यांतून दुर्बीण लावून रस्त्यावरची माणसं न्याहाळते ती. संवाद जवळजवळ नाहीत आणि बाईचं सगळं आयुष्य कळतं.

मराठीतलं एकच नाव घ्यायचं तर प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६), दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांबद्दल सगळेच बोलतात, पण मी म्हणेन गौरी या नटीने केलेली जिजाई बघा. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय. ही बाई पोराला घेऊन देवळात शिरते आणि पायताण उगारून देवालाच जाब विचारते. भक्तिपटात देवाशी भांडणारं माणूस इतक्या प्रेमाने फार कमी वेळा दाखवलं गेलंय. ती आहे म्हणून तुकोबांचा वैराग्यभाव खरा वाटतो, कारण त्याची किंमत कोण मोजतंय ते दिसतं. हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला होता. आणि त्यातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलं, केशवराव भोळ्यांनी चाल दिली. ते तुकोबांचंच आहे असं समजून वर्षानुवर्षं ऐकणारे लोक आहेत.

इथून चुकांच्या मुद्द्यावर येऊ. तो अभंग गाथेत नाही, तर मग ती चूक म्हणायची का? माझ्या मते नाही. तो त्या मनाच्या आणि त्या भाषेच्या आत बसून लिहिलाय. ‘अमादेउस’ (१९८४) मध्ये सालिएरी हा संगीतकार मोझार्टच्या मृत्यूला कारण ठरतो. प्रत्यक्षात त्याने मोझार्टच्या मुलाला संगीत शिकवलं होतं. पण मिलोश फोरमनने सगळी गोष्ट एका भ्रमिष्ट म्हाताऱ्याच्या कबुलीजबाबातून सांगितलीय. हे सत्य आहे असा दावा चित्रपट करतच नाही, म्हणून मला तो चालतो. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मात्र उलट. झगे, घरं, युद्धानंतरची दैना, सगळं देखणं. आणि गुलामगिरी मात्र कुटुंबातल्या जिव्हाळ्यासारखी गोडगोड. बटण चुकलं तर मी डोळेझाक करतो. कोण कुणाच्या मानेवर बसलं होतं हे चुकवलं की नाही करत. त्यातल्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, ते जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार, आणि त्या समारंभात तिला इतर कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. वर म्हटलं ना, दुसरा काळ लपत नाही.

इतिहास लिहितं कोण, यावरचा माझा सर्वांत लाडका चित्रपट मासाकी कोबायाशीचा ‘हाराकिरी’ (१९६२). साल १६३०. युद्धं संपलीत, सामुराई बेकार झालेत. एक फाटका रोनिन, म्हणजे धनी नसलेला सामुराई, एका बड्या घराण्याच्या दारात येतो आणि तुमच्या अंगणात मला पोट फाडून मरू द्या म्हणतो. पुढचं सांगत नाही. एवढंच, की चित्रपट त्या घराण्याच्या रोजनिशीने सुरू होतो आणि रोजनिशीनेच संपतो, आणि मधल्या सव्वादोन तासांत काय घडलं ते आपण पाहिलेलं असतं. नोंदीत काय उतरलंय ते वाचून हात शिवशिवतात. कोबायाशीला दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जावं लागलं होतं आणि त्याने वरची बढती नाकारली होती. त्या घराण्याने मानाचं प्रतीक म्हणून मांडून ठेवलेलं सतराव्या शतकातलं ते रिकामं चिलखत कुणाचं आहे, हे त्याच्या प्रेक्षकांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच सुरुवात ‘हाराकिरी’ने करा असं सांगेन. तो रहस्यकथेसारखा उलगडतो, संथ वाटायला सवडच मिळत नाही. नंतर बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६), मूकपट आहे म्हणून घाबरू नका. अमेरिकन यादवी युद्धातली आगगाडीची पळापळ, आणि जळत्या पुलावरून खाली कोसळणारं इंजिन खरंखुरं. मग ‘सेव्हन समुराई’ (१९५४), सुटीच्या दिवशी, कारण तो साडेतीन तासांच्या आसपास आहे. मूकपटांची भीती गेली की कार्ल ड्रायरचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८). जोनवरच्या १४३१ च्या खटल्याच्या कागदपत्रांवरून बेतलेला. भलामोठा सेट उभारून ड्रायरने कॅमेरा मात्र चेहऱ्यांवरच ठेवला, निर्मात्यांचा किती जळफळाट झाला असेल! मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती. १९८१ साली ऑस्लोतल्या एका मनोरुग्णालयात मूळ आवृत्तीची प्रिंट सापडली, म्हणून आज आपल्याला तो बघायला मिळतो. ‘लेपर्ड’ आणि ‘बॅरी लिंडन’ यानंतर. हे दोन लहान पडद्यावर तुकड्यातुकड्याने बघणार असाल तर न बघितलेले बरे.

कुठली आवृत्ती बघता यालाही महत्त्व आहे. ‘लेपर्ड’ची इंग्रजीत डब केलेली, बरीच कापलेली आवृत्ती आहे. तिच्यात लँकेस्टरचा स्वतःचा आवाज मिळतो, पण चित्रपटाचा जीव जातो. इटालियनच बघा. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) चं तसंच. २००४ साली तो संपूर्ण रंगीत करून पुन्हा आणला आणि नव्या प्रेक्षकांना आवडलाही. पण के. आसिफ यांच्या मूळ चित्रपटात बहुतेक भाग कृष्णधवल होता आणि ‘प्यार किया तो डरना क्या’ला शीशमहालात एकदम रंग फुटायचा. अनारकली भर दरबारात बंड करते त्याच क्षणी पडदा रंगीत होतो, यापेक्षा मोठं विधान दिग्दर्शक काय करणार? सगळंच रंगवलं की हे विधानच पुसलं जातं. तार्कोव्हस्कीच्या ‘आंद्रेई रुबलेव’मध्येही शेवटी तसंच आहे : जवळजवळ तीन तास चिखल, लुटालूट, कृष्णधवल, आणि मग रुबलेव या चित्रकाराची खरी चित्रं रंगांत. तो कुणी रंगीत करायला घेतला नाही हे नशीब. ‘मुघल-ए-आझम’ची मूळ आवृत्ती मिळाली तर ती आधी बघा, रंगीत नंतर. आणि रंगीतच चांगली वाटली तर तसं सांगा, या एका बाबतीत मला वाद घालायला आवडतं.