डार्क राइडला कथा किती लागते?

कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमधला 'हाँटेड मॅन्शन' (भुतांचा वाडा) पाहून बाहेर पडल्यावर त्याची गोष्ट काय होती हे आपल्याला कोणालाच सांगता आले नाही, आणि तरीही ती राइड जगातील उत्तम राइडमध्ये गणली जाते. मग अंधारातून गाडीत बसून पाहायच्या अशा राइडला कथा लागते तरी किती, असे आपण विचारले आहे. मी त्या उद्यानापासून फार लांब राहत नाही, आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन या राइडमध्ये अनेकदा बसलो आहे. माझे मत असे की कथानक फार थोडे लागते, परंतु परिस्थिती अगदी स्पष्ट लागते. आपण कोण आहोत, कोठे शिरतो आहोत आणि तेथे काय बिघडले आहे, एवढे एकही शब्द नीट ऐकू न आलेल्या माणसाला कळले पाहिजे. त्यापलीकडचे कथानक बहुतेक वेळा वाया जाते आणि पुष्कळदा नडते.

याचे कारण या माध्यमाच्या घडणीत आहे. पुण्याच्या गणेशोत्सवातील हलते देखावे आपण पाहिले असतील. तेथे गर्दी रस्त्यावर उभी असते, ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होते, आणि अफझलखानाचा वध असो की एखाद्या संताचे चरित्र, प्रसंग पहिल्या वाक्यापासून शेवटच्या जयघोषापर्यंत सलग घडतो. तो संपला की गर्दी पुढे सरकते आणि मागून आलेल्यांसाठी सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. डार्क राइडमध्ये देखावा अखंड चालू असतो आणि प्रेक्षकच त्याच्यासमोरून वाहून नेला जातो. दर काही सेकंदांनी नवी गाडी किंवा होडी येत राहिल्यामुळे आकृत्यांचे बोलणे आणि हालचाली छोट्या आवर्तनांत फिरत ठेवाव्या लागतात, आणि कोणती गाडी कोणत्या शब्दाला समोर येईल याचा काहीच भरवसा नसतो. त्यातच शेजारच्या दालनाचा आवाज झिरपतो, मागच्या बाकावरचे मूल रडत असते, आणि आपण डावीकडे पाहत असताना महत्त्वाचे काहीतरी उजवीकडे घडून जाते. 'अमुक झाले म्हणून तमुक झाले' ही कथेची साखळी अशा ठिकाणी टिकत नाही, कारण तिची एक कडी निसटली की पुढच्या सगळ्या निरर्थक होतात.

ही मर्यादा ज्यांनी सर्वांत आधी मनापासून स्वीकारली, त्यांच्याकडून 1967 साली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड घडली. तिची संहिता लिहिणारे एक्स अ‍ॅटेन्सिओ सांगत असत की चाच्यांच्या लिलावाच्या दृश्यात सगळेच एकदम बोलतात आणि शब्द कळत नाहीत, याबद्दल त्यांनी वॉल्ट डिस्नी यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली होती. त्यावर डिस्नी यांनी त्यांची समजूत घातली की हे मेजवानीतल्या गप्पांसारखे आहे. चालता चालता एका घोळक्यातले काही कानावर पडते, दुसऱ्यातले काही, आणि लोक पुन्हा येतील तेव्हा त्यांना नवे काही ऐकू येईल. सुमारे 15 मिनिटांच्या या सफरीला नायक नव्हता. आधी गुहांमध्ये सांगाडे दिसतात, नंतर तेच चाचे जिवंतपणी एक शहर लुटताना आणि जाळताना दिसतात. मृत्यू आधी आणि पाप नंतर, हा क्रम एवढाच काय तो लेखकाचा हात, आणि तो मला पुरेसा वाटतो. या राइडवर बेतलेल्या 2003 च्या चित्रपटाला यश मिळाल्यावर 2006 मध्ये त्यातील जॅक स्पॅरोच्या आकृत्या राइडमध्ये बसवण्यात आल्या आणि 'सगळे जॅकला शोधत आहेत' असा धागा त्यात ओवण्यात आला. आकृत्या सुरेख आहेत, मात्र त्या धाग्याने काही जोडले गेले असे मला कधी जाणवले नाही. उलट, जळणाऱ्या शहराकडे पाहायच्या ऐवजी मुले ओळखीचा चेहरा शोधत बसतात.

आता आपल्या 'हाँटेड मॅन्शन'कडे येतो. त्याला गोष्ट नाही याचे कारण गोष्ट लिहायची राहून गेली असे मुळीच नव्हे. डिस्नी यांचे कलावंत केन अँडरसन यांनी 1957 च्या सुमारास या वाड्यासाठी एकाहून अधिक कथा लिहिल्या होत्या. त्यात एक खुनी जहाजकप्तान होता, त्याची दुर्दैवी नववधू होती. त्या काळी लोकांना गटागटाने पायी वाड्यातून न्यायचे असा बेत होता, आणि मार्गदर्शकाबरोबर थांबत जाणाऱ्या गटाला कथा सांगता येते. परंतु पायी गटांनी दिवसभराची गर्दी पार पडणे शक्य नव्हते. वाड्याची बाहेरची इमारत 1963 मध्येच उभी राहिली, तरी राइड सुरू व्हायला 9 ऑगस्ट 1969 उजाडला. मधल्या काळात स्वतः डिस्नी वारले, आणि एकमेकींना जोडलेल्या, कधी न थांबणाऱ्या आणि हव्या त्या दिशेला वळवता येणाऱ्या बग्ग्यांची पद्धत हाताशी आली. चालत्या बग्गीबरोबर मार्गदर्शक गेला आणि त्याच्याबरोबर कथाही गेली. आत काय असावे यावर दोन कलावंतांचे एकमत नव्हते: क्लॉड कोट्स यांना भयाण, रिकामे वातावरण हवे होते, तर मार्क डेव्हिस यांना विनोदी भुते. अखेर दोन्ही ठेवले गेले. पहिला अर्धा भाग कोट्स यांच्या वळणाचा आहे, दुसरा डेव्हिस यांच्या. डेव्हिस यांनी नंतर स्पष्ट म्हटले आहे की हे गोष्ट सांगण्याचे माध्यमच नव्हे, ते अनुभव देते.

तरीही या वाड्यात काही घडतच नाही असे म्हणता येणार नाही. सुरुवातीला खिडक्या आणि दारे नसलेल्या खोलीत आपल्याला कोंडले जाते आणि खोली उंच उंच ताणत जाते. डिस्नीलँडमध्ये ही खोली प्रत्यक्षात खाली उतरणारी लिफ्ट आहे, कारण राइडची मोठी इमारत उद्यानाला वेढणाऱ्या रेल्वेच्या बंधाऱ्यापलीकडे आहे आणि लोकांना त्याखालून न्यावे लागते. अभियंत्यांच्या अडचणीतून राइडचा सर्वांत परिणामकारक प्रसंग जन्मला, याचे मला आजही कौतुक वाटते. पुढे बराच वेळ भूत दिसतच नाही. दारे आतून ढकलली जातात, मेणबत्ती अधांतरी तरंगते, कड्या आपोआप आपटतात. मग काचेच्या गोळ्यातली मादाम लिओटा प्लँचेटच्या बैठकीत त्यांना आवाहन करते, आणि त्यानंतर भुते दिसू लागतात: आधी मेजवानीच्या दालनात, मग माळ्यावरून उतरल्यावर दफनभूमीत गाणारी, नाचणारी. शेवटी आरशात पाहावे तर त्यातले एक आपल्याच बग्गीत बसलेले असते. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. बाहेर आल्यावर मी त्याला काय झाले ते विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, आधी भुतं दिसत नव्हती, मग त्या बाईनं बोलावली, मग दिसायला लागली आणि एक आपल्याबरोबर आलं." यापेक्षा जास्त कथा या राइडला नको आहे, आणि यापेक्षा कमी असती तर ती नुसती चमत्कारांची खोली झाली असती. आपल्याला गोष्ट सांगता आली नाही, कारण आपण बहुधा पात्रे आणि त्यांचा इतिहास शोधत होतात; येथे क्रम आहे आणि चढत जाणारी जवळीक आहे, आणि ती आपल्याला नक्कीच जाणवली असणार.

कथा घालण्याचा प्रयोगही झालेला आहे. पॅरिसच्या उद्यानात 1992 मध्ये याच राइडचे 'फँटम मॅनर' हे रूप उभे राहिले, आणि त्यात मेलनी रेव्हन्सवूड नावाच्या वधूची शोकांतिका आहे. 2019 मध्ये दुरुस्तीनंतर ते पुन्हा उघडले तेव्हा ही कथा आणखी खुलासेवार केली गेली. ती राइड मला अतिशय आवडते, मात्र कुटुंबाचा तपशील हे त्याचे कारण नाही. एकच वधू दालनामागून दालनात पुन्हा पुन्हा भेटते, आणि तिचा छळ करणारी आकृतीही तिच्या मागे मागे असते. हे डोळ्यांना कळते आणि वाटेत एखादे दालन नजरेतून सुटले तरी बिघडत नाही. कोणाची मुलगी, किती नवरदेव मारले गेले, हे रांगेतल्या चाहत्यांपुरते राहते. हाँगकाँगच्या 'मिस्टिक मॅनर'मध्येही (2013) हेच शहाणपण दिसते: अल्बर्ट नावाचे माकड एक मंतरलेली संगीतपेटी उघडते, तिच्यातून निघालेली चमकती धूळ संग्रहालयातल्या वस्तूंना जिवंत करत जाते आणि शेवटी पेटी बंद झाल्यावर सारे शांत होते. कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर आहेत. कँटनी, मँडरिन किंवा इंग्रजी, काहीही बोलणाऱ्या माणसाचे काहीच अडत नाही.

'आपण कोण' हा प्रश्न मात्र दुर्लक्षून चालत नाही, हे 1955 मध्येच दिसून आले. डिस्नीलँड उघडले तेव्हा स्नो व्हाइटच्या राइडमध्ये स्नो व्हाइट जवळजवळ नव्हतीच, कारण गाडीत बसलेला प्रेक्षकच स्नो व्हाइट आहे अशी रचनाकारांची कल्पना होती. कल्पना सुंदर होती, पण प्रेक्षकांना ती कोणी सांगितलीच नव्हती. ते बाहेर येऊन स्नो व्हाइट कोठे आहे असे विचारत राहिले. 1983 च्या नूतनीकरणात अखेर तिची आकृती बसवण्यात आली. शेजारच्या 'मिस्टर टोड'च्या राइडमध्ये तोच डाव साधला, कारण बेफाम धावणारी गाडी स्वतःच सांगते की चालवणारा वेडा आपणच आहोत. ती राइड शेवटी नरकात पोहोचते. ती ज्या चित्रपटावर बेतली आहे त्यात असे काहीही नाही, आणि त्याची उणीव कोणाला वाटत नाही.

कथा कोठे खरोखर कामाला येते असे विचाराल, तर माझे उत्तर 'स्प्लॅश माउंटन' असे असेल. 1989 मध्ये सुरू झालेल्या या राइडमध्ये ससा घर सोडून निघतो, कोल्ह्याच्या तावडीत सापडतो, आणि 'काहीही करा, पण मला काटेरी झुडपात टाकू नका' असे विनवतो; त्याच झुडपात आपली होडी सुमारे 50 फूट खाली कोसळते. आपण पूर्ण वेळ त्या उताराची धास्ती घेऊन बसलेले असतो आणि कथाही त्याच उताराकडे चाललेली असते. ती ज्या चित्रपटावर बेतली होती त्यातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे ती राइड बदलणे योग्यच होते, असे मी मानतो. परंतु 2024 मध्ये तिच्या जागी आलेल्या, डिस्नीची राजकन्या टियाना हिच्या राइडमध्ये आपण मेजवानीसाठी वादक शोधत फिरतो, आणि उतार आला की त्या शोधाशी त्याचा फारसा संबंध लागत नाही. आकृत्या पाहण्यासारख्या आहेत, संगीत उत्साहाचे आहे. तरी शरीराला भीती वाटत असताना कथा आनंदात आहे, हे मला प्रत्येक फेरीत खटकते.

दुसऱ्या टोकाला नेदरलँड्समधील एफ्तेलिंग उद्यानातली 'ड्रूमव्ल्युख्त' आहे. 1993 पासून टांगत्या गाड्यांमधून लोक पऱ्यांच्या आणि जंगलातल्या बुटक्यांच्या राज्यावरून तरंगत जातात. तेथे कोणी कोणाला वाचवत नाही, काही बिघडत नाही. पण आपण उडतो आहोत आणि एका स्वप्नातून चाललो आहोत, हे पहिल्या काही सेकंदांतच समजते. म्हणून माझा वरचा निकष तेथेही लागू पडतो, फक्त 'काय बिघडले' याच्या जागी 'कोठे आलो' एवढेच उरते. अशा राइडला कलाकुसर अधिक लागते, कारण कंटाळा आला तर सावरून घ्यायला संकट नसते.

आपण पुन्हा कधी हाँटेड मॅन्शनमध्ये बसाल तेव्हा एक करून पाहा. निवेदकाच्या बोलण्याकडे मुद्दाम लक्ष देऊ नका. माळ्याच्या खिडकीतून बग्गी पाठमोरी खाली उतरू लागते तेथे क्षणभर थांबून विचार करा की आतापर्यंत भुते आपल्यापासून किती अंतरावर होती आणि आता किती आहेत. काही चाहते मानतात की त्या खिडकीतून पडून आपला मृत्यू होतो आणि म्हणूनच पुढे सगळी भुते दिसतात. राइडमध्ये असे कोणी म्हणत नाही. ती कथा त्यांनी स्वतः रचली आहे, आणि ती रचायला लागणारी रिकामी जागा तेथे 1969 पासून तशीच ठेवलेली आहे.