परदेशात वाढणाऱ्या बाळाला ‘ळ’ यावा म्हणून मराठी गाण्यांचे व्हिडिओ लावले तर उपयोग होतो का?

बाळ सात महिन्यांचं आहे, तुम्ही न्यू जर्सीत असता, पाळणाघरात सगळं इंग्रजी आणि घरी टॅबवर बडबडगीतं, असं तुम्ही लिहिलंय. गाणी खुशाल लावा, पण ‘ळ’साठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

वेळ मात्र नेमकी साधलीत. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. बाळ आईच्या मांडीवर, स्पीकरमधून एकच आवाज पुन्हा पुन्हा. तो बदलला की बाळानं मान वळवायची, मग बाजूचं खेळणं उजळणार. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. कान काही बिघडत नाही. आजूबाजूच्या बोलण्यात ज्या फरकानं काही अडत नाही, तो मेंदू सोडून देतो.

आता तुमच्या टॅबचं. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या सिअ‍ॅटलच्या गटानं नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणाऱ्या माणसांना खेळायला, पुस्तकं वाचून दाखवायला बसवलं. साधारण २५ मिनिटांची एक बैठक, अशा १२. तेवढ्यात चिनी ध्वनींमधला फरक बाळांना कळू लागला. दुसऱ्या गटाला तेच सगळं टीव्हीवर दाखवलं, आणि पदरी काहीच पडलं नाही! मला स्वतःला हा प्रयोग फार आवडतो, कारण आपल्या आज्या नेमकं हेच करत आल्यात.

तेव्हा भरवताना, न्हाऊ घालताना त्याच्याकडे बघून बोला. डोळे, केळं, वेळ, जावळ... ‘ळ’ आपोआप येतो, मुद्दाम घोकायला नको.

आणि तोंडातून ‘ळ’ यायला वेळ लागला तर घाबरू नका. ऐकू आधी येतं, जीभ फार मागून वळते. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना केळ्याला ‘केलं’ म्हणायची. एकदा मीही गमतीनं विचारलं, “केलं हवं का?” तर कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “केलं नाई बाबा, केलं!”