गिटार नसलेल्या गाण्यात डिस्टॉर्शन कसं वापरायचं? माझं तर नुसतं खरखरतं

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर गाणी करता, डिस्टॉर्शनचा प्लगिन (लाटेची टोकं कापून आवाज मुद्दाम फाडणारं जोड-सॉफ्टवेअर) लावला की आवाज चिरका आणि चपटा होतो, आणि गिटारच नाही तर त्याचा उपयोग तरी काय. मी नागपुरात छोटा स्टुडिओ चालवतो. भीमगीतं, लग्नाची गाणी, अधूनमधून एखादा रॅपर, असं काम येतं. यातल्या बहुतेक मिक्समध्ये कुठे ना कुठे डिस्टॉर्शन असतंच, फक्त ऐकणाऱ्याला ते वेगळं कळत नाही.

ड्राइव्हचं (आवाज किती फाडायचा ते ठरवणारं) बटण किती फिरवलं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. खरी गंमत प्लगिनच्या आत काय जातं आणि बाहेर आल्यावर तुम्ही त्याचं काय करता, यात आहे.

१०० हर्ट्झचा साधा सूर वरून-खालून सारखाच कापला की ३००, ५००, ७०० असे विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या विषम पटीतले वरचे सूर, तयार होतात. एकाच बाजूनं जास्त कापला की २००, ४०० हेही येतात, आणि आवाज जरा भरलेला लागतो. पण दोन सूर एकत्र आत गेले, की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही बाहेर पडतात. सा आणि प असतील, समजा २०० आणि ३००, तर १०० आणि ५०० मिळतात. सगळं जमून येतं. कीबोर्डवरचा ग मात्र शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असतो, त्यामुळे सा-ग-प अशा पूर्ण कॉर्डवर डिस्टॉर्शन टाकलं की चिखल होतो. तुमची खरखर बहुधा इथूनच येते. कॉर्डचे सूर वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, प्रत्येकाला आपापलं डिस्टॉर्शन द्या आणि मग एकत्र करा. त्याच प्लगिनमधून एकदम स्वच्छ, जाड आवाज निघेल.

हार्मोनिक वाढवायचा हा उद्योग आपल्याला नवा नाही, तंबोऱ्याची जवारी आणखी काय करते? सी. व्ही. रामन १९१० मध्ये काही काळ आपल्याच नागपुरात अर्थखात्याच्या नोकरीत होते. पुढे १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणेवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू पडतो, तो हार्मोनिक ऐकूच येऊ नये असा नियम. तंबोऱ्यात तो खणखणीत ऐकू येतो, कारण तार त्या पसरट घोडीला घासत राहते. तिकडे किंक्स या इंग्लिश रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ च्या सुमारास गिटारचा आवाज फाटावा म्हणून ॲम्पच्या स्पीकरचा कागदच ब्लेडनं चिरला होता. तुम्ही ब्लेड आणू नका, स्पीकर महाग झालेत.

आता गायकाच्या आवाजाचं. मूळ ट्रॅकला हात लावू नका, सेंडवर (ट्रॅकची प्रत दुसरीकडे पाठवायची सोय) दुसरा मार्ग करा. त्यावर पहिला डी-एसर (स-श दाबणारा प्लगिन), कारण चिरकेपणा निम्म्याहून जास्त स-श मुळे येतो. मग ४०० हर्ट्झच्या खालचं आणि ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. त्यानंतर डिस्टॉर्शन, अगदी निर्दयपणे. नंतर पुन्हा ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. हे एकटं ऐकलं तर भयंकर वाटेल, वाटू द्या. मूळ आवाजाखाली हळूहळू वर आणा, आणि हा मार्ग म्यूट केल्यावर गायक एक पाऊल मागे गेल्यासारखा वाटला की तिथेच थांबा. दुसरी युक्ती म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधी १ किलोहर्ट्झ ६ डेसिबल वाढवायचा, नंतर तेवढाच उतरवायचा. एकूण रंग फारसा बदलत नाही, पण तेवढाच पट्टा जास्त फाटतो.

बेससाठी तर डिस्टॉर्शनशिवाय गत्यंतर नाही. ५० हर्ट्झचा ८०८ (ड्रम मशीनचा खोल बेस) मोबाईलच्या स्पीकरवर येतच नाही. त्याचे १५०, २५०, ३५० हे हार्मोनिक ऐकू आले की मूळ सूर कान स्वतःच भरून काढतो. म्हणून मूळ बेस स्वच्छ ठेवा, त्याच्या प्रतीवर डिस्टॉर्शन द्या आणि मग त्या प्रतीतलं १२० च्या खालचं कापा. ढोलकीलाही हेच. धुमेला सोडा, शाईच्या बाजूची थाप क्लिप करा. टोक कापलं जातं आणि ढोलकी मीटर न वाढता पुढे येते.

माझा सगळ्यात आवडता प्रकार मात्र प्लगिनचा नाही. मारबतीच्या मिरवणुकीत किंवा संदलमध्ये गाडीवरच्या भोंग्यातून कीबोर्डचा जो फाटका, कानात घुसणारा आवाज येतो, तो नागपूरकराला ओळखायला सांगावा लागत नाही. तो हवा असेल तर सरळ भोंगाच वापरा. जुना भोंगा आणि छोटा ॲम्प कुठल्याही मंडपवाल्याकडे मिळतो. इंटरफेसचा (लॅपटॉपला जोडलेल्या साउंड कार्डचा) लाइन आउट ॲम्पच्या माइकच्या इनपुटमध्ये घाला. सिग्नल त्या पहिल्याच टप्प्यावर फाटतो, बाहेरचा व्हॉल्यूम कमी असला तरी, त्यामुळे शेजारी भांडायला येत नाहीत. आधी ३०० च्या खालचं कापून टाका, नाहीतर भोंग्याचं युनिट उडेल. माइक दोन-तीन मीटर लांब ठेवून रेकॉर्ड करा. आवाज मीटरमागे साधारण ३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, तेव्हा रेकॉर्ड केलेला ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधी, ओढा, नाहीतर मूळ ट्रॅकशी मिळवल्यावर आवाज पोकळ होतो. जिन्यात भोंगा ठेवला तर आणखी मजा येते.

बिटक्रशर, म्हणजे डिजिटल आवाजाचा दर्जा मुद्दाम पाडणारा प्लगिन, मला फारसा आवडत नाही. १६ बिटच्या ६५,५३६ पायऱ्यांवरून ८ बिटच्या २५६ वर आलं की तालवाद्यांना दाणेदारपणा येतो, तेवढं ठीक. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा तो आकडा) पाडला की मात्र सुराशी संबंध नसलेले आवाज शिरतात, गाण्यावर ते बेसूर लागतात. रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) नंतर डिस्टॉर्शन लावून बघा, शेपटी विझायच्या ऐवजी फुगत जाते; फक्त कडव्याच्या शेवटच्या शब्दावर वापरा, सगळीकडे नको.

एक सवय लावून घ्या. डिस्टॉर्शननं आवाज मोठा होतो आणि मोठं ते कानाला चांगलंच वाटतं, म्हणून आउटपुटचं बटण तेवढं खाली करूनच आधीचं-नंतरचं पडताळा. आणि प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) असेल तर किमान चारपट ठेवा, वरच्या सुरांतली काचेसारखी किरकिर बरीच जाते. लॅपटॉप धापा टाकायला लागला तर तेवढा ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे इफेक्टसकट पक्का करून ठेवा.